प्रार्थनेचे गद्य : 'अभंगांजली' आणि 'स्मृतिचित्रे'

१

नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्या लेखनाची मराठी समीक्षेने जी वाटणी करून ठेवली आहे ती सोयीची आहे, आणि सोयीची असल्यामुळेच ती फारशी तपासली गेलेली नाही. या वाटणीनुसार टिळक हे 'फुलांमुलांचे कवी' ठरतात. त्यांची निसर्गकविता व कौटुंबिक कविता आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासात जमा होते. त्यांचे अभंग, भजने आणि 'ख्रिस्तायन' मात्र 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' या स्वतंत्र कप्प्यात जातात. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'च्या वाट्याला हा कप्पा आला नाही. १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेले हे आत्मकथन मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते. त्याच्या थोरवीची कारणे सांगताना निरागसता, विनोद, बोलीचा ओघ, निर्मळ दृष्टी अशा गुणांचा उल्लेख होतो. लेखिका ख्रिस्ती झाली, ही गोष्ट कथानकातील एक घटना म्हणून नोंदवली जाते; पण तिच्या श्रद्धेचा तिच्या लेखनाच्या घडणीशी काही आंतरिक संबंध आहे काय, हा प्रश्न सहसा उपस्थित होत नाही.

एका लेखकाची श्रद्धा त्याला मुख्य प्रवाहाबाहेर नेते; दुसरीला त्या प्रवाहात स्थान मिळते ते तिच्या श्रद्धेकडे काणाडोळा करून. वरवर विरुद्ध दिसणाऱ्या या दोन्ही वागणुकींमागे एकच गृहीतक आहे. श्रद्धा ही वाङ्मयाच्या आशयात असते, रूपात नसते. त्यामुळे ती वेगळी काढून ठेवता येते, असे ते गृहीतक होय. दैनंदिन ख्रिस्ती जीवनातील प्रार्थना हा विषय या गृहीतकाची परीक्षा घेण्यास योग्य आहे. कारण प्रार्थना हा केवळ आशय नसून बोलण्याची एक रीत आहे. तिला संबोध्य असते, काळ असतो, अटी असतात. या अटी ध्यानात घेतल्या तर 'स्मृतिचित्रे' हे प्रार्थनेविषयी फारसे न बोलणारे, पण प्रार्थनेच्या घाटावर उभे असलेले पुस्तक आहे, असे दिसू लागते. आणि 'अभंगांजली'चे सामर्थ्य व मर्यादा या दोन्ही गोष्टी अधिक नेमकेपणाने सांगता येतात.

२

प्रार्थनेचा वाङ्मयीन विचार करताना आरंभीच एक अडचण उभी राहते. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूने प्रार्थनेसंबंधी जी शिकवण दिली आहे तिच्यात लोकांना दिसावे म्हणून केलेल्या प्रार्थनेचा निषेध आहे. खोलीत जावे, दार लावून घ्यावे, शब्दांची रास रचू नये, असे तेथे सांगितले आहे. ही आज्ञा अक्षरशः मानली तर लिहिलेली आणि छापलेली प्रत्येक प्रार्थना हा आज्ञाभंग ठरतो, कारण दार लावल्यानंतर वाचकाला आत जागा उरत नाही. तरीही त्याच अध्यायात लगेच एक प्रार्थना शब्दशः शिकवलेली आहे, आणि ती एकवचनात नाही, अनेकवचनात आहे. बंद खोलीतील एकट्या माणसाच्या तोंडी 'आम्ही' घातलेला आहे. ख्रिस्ती प्रार्थनावाङ्मयाचा मूळ अंतर्विरोध येथे आहे. बोलायचे एकांतात, पण बोलताना इतरांना बरोबर घ्यायचे.

पाश्चात्त्य काव्यविचारात भावकवितेची जी कल्पना रूढ झाली ती या अंतर्विरोधाच्या जवळून जाते. १८३३ मध्ये जॉन स्टुअर्ट मिलने काव्य आणि वक्तृत्व यांत भेद करताना काव्य हे कानांवर सहज पडलेले स्वगत असते, अशा अर्थाचे प्रतिपादन केले. प्रार्थनाकाव्य मात्र स्वगत नसते. त्यातील 'तू' हा अलंकार म्हणून येत नाही. तो ऐकतो, या विश्वासावरच उच्चार उभा असतो. विसाव्या शतकात ऑस्टिनने मांडलेल्या विचाराच्या परिभाषेत सांगायचे तर प्रार्थना ही वाक्कृती आहे. तिच्यात वर्णन कमी आणि करणे अधिक असते. मागणे, कबूल करणे, सोडून देणे, स्वाधीन होणे या कृती शब्दांनीच घडतात.

या कृतींची यादी प्रभूच्या प्रार्थनेत फार थोडक्यात येते. पित्याचे नाव, त्याचे राज्य, त्याची इच्छा येथून ती आरंभ पावते आणि मग आजच्या भाकरीकडे वळते. भाकरीनंतर क्षमा येते, आणि तेथे एक अट जोडलेली आहे: मागणाऱ्याने स्वतःच्या ऋणकऱ्यांना सोडलेले असले पाहिजे. मत्तयाने या ठिकाणी ऋणाची भाषा वापरली आहे. लूकच्या अकराव्या अध्यायात पापांचा उल्लेख असला तरी ऋणकरी तेथेही आहेच. या रचनेचा परिणाम दूरगामी आहे. देव आणि भक्त यांच्या संवादात तिसरा माणूस अनिवार्यपणे येऊन बसतो. ज्याने आपले काही देणे बुडवले आहे त्याला वगळून देवाजवळ जाता येत नाही. ख्रिस्ती दैनंदिन जीवनातील ईश्वरसान्निध्याचे मोजमाप या तिसऱ्या माणसाशी असलेल्या अंतराने होते.

प्रार्थना आणि आत्मचरित्र यांचे नातेही येथूनच जुळते. चौथ्या शतकाच्या अखेरीस लिहिल्या गेलेल्या ऑगस्टिनच्या आत्मनिवेदनात संपूर्ण कथन देवाला उद्देशून आहे. वाचक ते बाजूला उभा राहून ऐकतो. सर्व जाणणाऱ्याला स्वतःची कहाणी सांगण्याचे कारण काय, हा प्रश्न ऑगस्टिनला पडला होता, आणि आत्मचरित्र या वाङ्मयप्रकाराच्या मुळाशी तो कायमचा राहून गेला. सांगण्याचा हेतू माहिती देणे हा नसेल, तर तो कबुली देणे हाच असू शकतो.

३

मराठीत ख्रिस्ती प्रार्थना प्रथम आली ती धड्याच्या रूपाने. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये रायतूर येथे छापले गेले, आणि कोकणीतील प्रश्नोत्तररूप धर्मशिक्षेचे त्यांचे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १६२२ मध्ये प्रसिद्ध झाले. नव्या ख्रिस्ती समाजाला कथा हवी होती, ती ओवीने दिली. पाठ करण्याजोगे शब्द हवे होते, ते प्रश्नोत्तरांनी दिले. एकोणिसाव्या शतकात अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात कीर्तन आणि भजन यांचा ख्रिस्ती उपासनेत स्वीकार होऊ लागला, आणि टिळकांच्या हाती हे माध्यम आल्यावर धड्याचे रूपांतर भावात झाले.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांचा मुंबईत बाप्तिस्मा झाला. त्याआधी रेल्वेप्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने दिलेला नवा करार त्यांनी वाचला होता, आणि डोंगरावरील प्रवचनाने त्यांना पकडून ठेवले होते. ज्या ग्रंथभागाने त्यांना वळवले त्याच भागात प्रभूची प्रार्थना आहे, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पण तिचा उच्चार मराठीत करण्याची वेळ आली तेव्हा टिळक वळले ते तुकारामाकडे. तुकारामाच्या सेतूवरून आपण ख्रिस्तापाशी आलो, ही त्यांची भूमिका प्रसिद्ध आहे. ख्रिस्ताला माउली म्हणणे, त्याच्या चरणांची ओढ सांगणे, विरह आणि भेट यांच्या लयीत दिवस मोजणे हे सारे 'अभंगांजली'त वारकरी परंपरेतून येते. मराठी ख्रिस्ती माणसाला स्वतःच्या भाषेत देवाशी बोलता आले, परक्या चालीवर बसवलेल्या भाषांतरित गीतांची सक्ती उरली नाही, हे या कवितेचे ऐतिहासिक कार्य आहे. 'उपासना संगीत'मधील टिळकांच्या रचनांचे प्रमाण या कार्याची साक्ष देते.

रूपाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. अनेक रचनांत टिळक स्वतःचे नाव घालत नाहीत. 'दास' ही मुद्रा वापरतात. तुकारामाच्या अभंगातील मुद्रा एका विशिष्ट माणसाला बांधलेली आहे. गाणारा ती उच्चारतो तेव्हा तो तुकारामाचे शब्द उच्चारतो. 'दास' ही मात्र रिकामी ठेवलेली जागा आहे. जो गाईल तो तेथे बसतो. बंद खोलीतील 'आम्ही'चा प्रश्न टिळकांनी अशा प्रकारे सोडवला आहे. एकवचनी उच्चार मंडळीच्या उपयोगाचा झाला, आणि कवीचे नाव मिटल्यामुळे प्रदर्शनाचा दोषही टळला.

या यशातच मर्यादेचे बीज आहे. रिकाम्या जागेत कोणीही बसू शकावे म्हणून त्या जागेतील खुणा पुसाव्या लागतात. 'अभंगांजली'तील दासाला भूक आहे, पण घर चालवण्याची विवंचना क्वचितच आहे. त्याला अपराधाची जाणीव आहे, पण अपराध कोणाचा आणि कोणाविरुद्ध घडला हे कळत नाही. सान्निध्याची शब्दकळा परंपरेने इतकी सिद्ध करून ठेवली आहे की संकट उच्चारले जाताच त्याचे भावात रूपांतर होते. भक्त आणि देव यांच्या दोघांच्या नात्यावर एकाग्र झालेल्या या रूपबंधात तिसरा माणूस परिघावर जातो. तुकारामाच्या गाथेत तो येतो, दुबळ्याला जवळ करण्याचा आग्रह तेथे प्रखर आहे. पण बहुधा तो उपदेशपर अभंगांत येतो, विरहाच्या अभंगांत नव्हे. टिळकांच्या आयुष्यात असा तिसरा माणूस होता. आपल्या निर्णयात ज्या पत्नीला त्यांनी सामील करून घेतले नाही, तिचे देणे त्यांच्या खात्यावर होते. त्या ऋणाची प्रार्थना अभंगाच्या साच्यात मावली नाही. ती दुसऱ्या कोणाला तरी, दुसऱ्या बाजूने, आणि गद्यात करावी लागणार होती.

४

लक्ष्मीबाईंना औपचारिक शिक्षण नव्हते. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकात त्यांचे बालपण गेले. लग्नानंतर वाट्याला आला तो घरी न ठरणारा, हातात पैसा न ठरू देणारा, प्रेमळ आणि तापट नवरा. १८९५ मध्ये त्याने धर्म बदलला आणि पुढील सुमारे पाच वर्षे ताटातूट, लोकनिंदा आणि मनाची पडझड यांत गेली. त्यातील काही काळ त्या पंढरपुरात होत्या. पुढे पतीच्या घरी परतल्यावरही त्यांनी सोवळे सोडले नाही. एका छपराखाली दोन चुली राहिल्या. १९०० मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला.

या कथेला साक्षीचा साचा सहज लावता आला असता. प्रॉटेस्टंट संस्कृतीत 'साक्ष' हा रूढ वाङ्मयप्रकार आहे. पूर्वीचा अंधार, वळणाचा क्षण, नंतरचा प्रकाश अशी त्याची रचना असते. पंडिता रमाबाईंच्या 'माझी साक्ष'मध्ये हा साचा गंभीर आत्मपरीक्षणाने वापरलेला आहे. १८८३ मध्ये बाप्तिस्मा घेतल्यानंतर कित्येक वर्षांनी आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांना उमगले. धर्म आणि देवाचे सान्निध्य यांतील हे अंतर रमाबाईंनी विचाराच्या पातळीवर स्पष्ट केले. लक्ष्मीबाई तेच अंतर घरकामाच्या पातळीवर पार करतात, आणि 'पूर्वी' व 'नंतर' यांच्यात भिंत बांधत नाहीत. बाप्तिस्म्यापूर्वीची लक्ष्मी आणि नंतरची लक्ष्मीबाई एकाच सुरात बोलतात. भोळेपणा, हट्ट, भीती आणि हसू दोघींत सारखे आहे. प्रकाश पडल्यावर जुन्या खोलीतील सामान बदलत नाही. ते दिसू लागते, इतकेच.

वळणाचा क्षण पुस्तकात आहे, पण तोही दर्शनाचा नाही. जातिभेद देवाने केले की माणसाने, या प्रश्नाशी त्यांचे मन झुंजते, आणि निष्पन्न होतो तो निश्चय कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा. कोणतीही वाणी ऐकू येत नाही, तेज दिसत नाही. ईश्वराकडे टाकलेले पाऊल शेजाऱ्याच्या तांब्यापाशी पडते. जनाबाईच्या अभंगांशी तुलना केली असता या प्रसंगाचे वेगळेपण कळते. जनाबाईच्या जात्यापाशी विठ्ठल स्वतः येतो, तिच्याबरोबर दळतो. कष्टांचे दैवतीकरण ही तेथील कल्पनेची झेप आहे. लक्ष्मीबाईंच्या स्वयंपाकघरात देव येत नाही. दुष्काळातली पोरकी मुले येतात, नवऱ्याने न सांगता आणलेले पाहुणे येतात. आजची भाकरी मागण्याऐवजी ती पुरवण्याची पाळी रोज त्यांच्यावर येते. प्रार्थनेतील एक वाक्य अशा रीतीने कृतीत उतरते, आणि लेखिका त्याची जाहिरात करीत नाही.

पण 'स्मृतिचित्रे'चे प्रार्थनेशी असलेले सर्वांत खोल नाते भाकरीच्या नव्हे, ऋणाच्या वाक्याशी आहे. या पुस्तकातील विनोदाची समीक्षेने पुष्कळ प्रशंसा केली. त्याचे कार्य मात्र पुरेसे स्पष्ट केले नाही. हा विनोद विसरत नाही. टिळकांचे न सांगता निघून जाणे, घरातील पैसा वाटून टाकणे, रागाचे झटके, आणि सर्वांत मोठे म्हणजे पत्नीला अंधारात ठेवून केलेले धर्मांतर, यांतील प्रत्येक गोष्ट सविस्तर, तपशिलांसह नोंदवलेली आहे. सासऱ्यांचा धाक, नातलगांची बोलणी यांचीही नोंद आहे. खाते पूर्ण लिहिलेले आहे, एकही रक्कम गाळलेली नाही. मात्र वसुलीची भाषा कोठेही नाही. जेथे रक्कम सर्वांत मोठी होते तेथे हसू येते, आणि त्या हसण्यात लेखिका स्वतःलाही घेते. स्वतःचा वेडेपणा, स्वतःचा संशय, स्वतःचे सोवळे यांवर ती इतरांइतकीच हसते. ऋणको आणि धनको एकाच ओळीत उभे राहतात. क्षमा ही भावना म्हणून सांगितली असती तर ती उपदेश झाली असती. येथे ती निवेदनाचा सूर म्हणून अस्तित्वात आहे, म्हणून ती वाङ्मयीन मूल्य ठरते.

ऑगस्टिनचे आत्मनिवेदन देवाला संबोधून आहे. 'स्मृतिचित्रे' वाचकाला, जणू ओटीवर बसलेल्या पाहुण्याला, सांगितलेली आहे. संबोध्य बदलले तरी कबुलीचे कार्य तेच राहते. दार लावून करायची प्रार्थना छापता येत नाही, हे लक्ष्मीबाईंचे पुस्तक मान्य करते. खोलीतून बाहेर आलेल्या माणसाचा आवाज कसा असतो, एवढेच ते ऐकवते.

५

या वाचनावर दोन गंभीर आक्षेप संभवतात.

पहिला आक्षेप पद्धतीचा आहे. संहितेत जे फारसे बोलले गेलेले नाही तेच तिचे मर्म आहे असे म्हणणे समीक्षेला सोपे असते. अशाने कोणतेही समंजस आत्मचरित्र प्रार्थना ठरेल. याला उत्तर असे की येथे निकष मौनाचा नसून रचनेचा आहे. पुष्कळ समंजस आत्मचरित्रे अप्रिय गोष्टी गाळून क्षमाशील होतात; अनेक प्रामाणिक आत्मचरित्रे हिशेब चुकता करण्यासाठी लिहिली जातात. पूर्ण नोंद आणि वसुलीचा त्याग या दोन्ही गोष्टी एकत्र येणे विरळ आहे, आणि हा विरळ संयोग ज्या वाक्यात आज्ञारूपाने सांगितला आहे ते वाक्य लेखिका रोज उच्चारत होती. संबंध सिद्ध झाला असे यावरून म्हणता येणार नाही. पण तो विचारात न घेता पुस्तकाचा सूर समजावून सांगण्याचा प्रयत्न अपुरा ठरतो.

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे, आणि तो स्त्रीवादी वाचनातून येतो. ज्या स्त्रीला दुसरा मार्गच नव्हता तिच्या सोसण्याला क्षमा म्हणणे म्हणजे अन्यायावर धार्मिक पांघरूण घालणे नव्हे काय? हसणे ही तिची मुक्ती की तिची तडजोड? हा प्रश्न टाळता येत नाही. १८९५ मधील लक्ष्मीबाईंपुरते पाहिले तर आक्षेप खराच आहे. त्या वेळी त्यांच्या हाती काहीच नव्हते, आणि असहायतेला क्षमा म्हणता येत नाही. क्षमेसाठी वसुलीचे सामर्थ्य हाती असावे लागते. पण पुस्तक १८९५ मध्ये लिहिलेले नाही. टिळकांचे निधन १९१९ मध्ये झाले, आणि पहिला भाग १९३४ मध्ये आला. तोवर टिळक कीर्तिशेष कवी झाले होते, आणि त्यांच्याविषयी अखेरचा शब्द उच्चारण्याचे सामर्थ्य एकाच व्यक्तीच्या हाती होते. तिने त्या सामर्थ्याने त्यांचा पुतळा उभारला नाही आणि पाडलाही नाही. आयुष्यात जी केवळ सोसणारी होती ती लेखनात धनको झाली, आणि धनको झाल्यावर तिने सोडून दिले. सोसणे आणि क्षमा करणे यांच्यामध्ये लेखनाचा अवकाश आहे. हा भेद न केल्यास 'स्मृतिचित्रे'तील विनोद एक तर गोड वाटतो किंवा केविलवाणा; आणि तो दोन्ही नाही.

तरीही आक्षेपाचा एक अंश शिल्लक राहतो. टिळकांना 'दास' म्हणून विरून जाता आले, कारण घराचे दार उघडे टाकून ते बाहेर पडू शकत होते. लक्ष्मीबाईंना गद्य मिळाले, कारण मागे राहिलेल्या घराचा तपशील त्यांच्या वाट्याला आला. प्रार्थनेचे पद्य आणि प्रार्थनेचे गद्य यांतील हा भेद केवळ वृत्तीचा नाही. घरातील श्रमविभागणीची छाया त्याच्यावर आहे. सान्निध्याच्या उत्कटतेसाठी जी मोकळीक लागते ती कोणाच्या कष्टांवर उभी होती, हे 'अभंगांजली' वाचताना विसरता कामा नये.

६

गंगाधर मोरजे यांच्या 'ख्रिस्ती मराठी वाङ्मय' (१९८४) या ग्रंथाने या परंपरेचा विस्तार अभ्यासकांपुढे ठेवला. इतके साहित्य आहे हे दाखवण्यासाठी स्वतंत्र कप्प्याची तेव्हा आवश्यकता होती. पुढचे काम कप्प्याची भिंत पाडण्याचे आहे, आणि ते दोन दिशांनी करावे लागेल. टिळकांचे अभंग आधुनिक मराठी कवितेच्या इतिहासात परत आणले पाहिजेत, कारण 'दास' या मुद्रेत 'मी'चे जे विसर्जन घडते ते आधुनिक भावकवितेतील आत्मकेंद्री 'मी'ला समांतर आणि विरोधी असे एक प्रतिमान आहे. उलट 'स्मृतिचित्रे'ला तिची श्रद्धा परत दिली पाहिजे. तिची प्रसन्नता ही स्वभावाची देणगी होती असे म्हणून थांबणे म्हणजे त्या प्रसन्नतेमागील रोजचे परिश्रम नाकारणे होय.

या दोन वाचनांची गाठ जेथे पडते ते स्थळ अजून नीट अभ्यासले गेलेले नाही. टिळकांच्या निधनाने 'ख्रिस्तायन' आरंभीच्या काही अध्यायांवर थांबले होते. त्याचा फार मोठा भाग लक्ष्मीबाईंनी लिहिला. ज्या घराचे खाते त्या गद्यात मांडीत होत्या त्याच घरच्या कर्त्याचे अपुरे काव्य त्यांनी त्याच्या छंदात पुढे नेले. त्या ओव्यांत येशूच्या प्रार्थनेचे प्रसंग कसे येतात, टिळकांच्या अध्यायांतील माउली लक्ष्मीबाईंच्या अध्यायांत तशीच राहते की तिच्या हाताला घरकामाचे घट्टे पडतात, दोघांच्या भाषेतील सांधा कोठे दिसतो आणि कोठे दिसत नाही, यांचे तुलनात्मक विश्लेषण झाल्यास प्रार्थनेचे पद्य आणि गद्य यांचा येथे मांडलेला भेद टिकतो की नाही, हे ठरवता येईल.